बिनवासाचं घर

लग्न होऊन मी या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझा साबण गेला. गुलाबी, गोल, भरपूर फेसाचा साबण होता. आमच्या ह्यांनी तो मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरून गॅलरीत नेऊन ठेवला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "तुला चालणार असेल तर आपण दुसरा वापरू या." दुसरा म्हणजे पांढरा, चौकोनी, कशाचाच वास नसलेला. साबणामागोमाग केसांचं तेल गेलं, पावडर गेली आणि मैत्रिणीने लग्नात दिलेली सेंटची बाटली कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, लोकरीच्या कपड्यांमागे गेली.

हे चहा चाखतात. म्हणजे तीच त्यांची नोकरी आहे. चहाच्या एका जुन्या कंपनीत लांबलचक टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग मांडलेली असते. हे चमचाभर चहा असा काही सुर्रकन ओढतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. मग तो तोंडात घोळवायचा, पिंकदाणीत थुंकायचा आणि पुढच्या वाटीकडे वळायचं. आमच्या लेकीने लहानपणी घरी दूध असंच ओढलं तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता, तर म्हणाली, "बाबांना याचा पगार मिळतो!" पण चहा जिभेपेक्षा नाकाला जास्त कळतो, असं हे सांगतात. पत्ती कुठे ओलसर झाली, भट्टीत जरा जास्त राहिली का, गोदामात शेजारी कशाची पोती होती, सगळं हे वासावरून ओळखायचे. एकदा पेटी उघडायच्या आधीच म्हणाले होते, हिच्याशेजारी कोणीतरी रबर ठेवलं होतं. ठेवलेलं होतंच. कंपनीत ह्यांना सगळे 'नाक' म्हणतात, तेही तोंडावर. "नाक आलं का?" "हे जरा नाकाला दाखवून घ्या." ह्यांना ते मनातून फार आवडायचं.

त्या नाकापायी आमच्या घरात वासबंदी होती. लसूण नाही, कच्चा कांदा नाही. भिंतींना रंग दिला की मुक्काम मोठ्या दिरांकडे. नवे बूट आठवडाभर दाराबाहेर. माझं पडद्यांचं दुकान आहे. माप घ्यायचं, कापायचं, शिवायचं, लावून द्यायचं. नव्या कोऱ्या कापडाला खळीचा वास असतो, म्हणून घरात शिरल्यावर मी आधी कपडे बदलायचे आणि मग तोंड उघडायचं. यावरून आमची इतकी भांडणं झाली आहेत की शेजाऱ्यांना ती पाठ असतील.

पण एक होतं. मी कितीही कपडे बदलले, हातपाय धुतले, तरी हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आज मखमल कापलीस." किंवा, "बसमध्ये उभ्याने आलीस वाटतं." एकदा नुसतंच म्हणाले, "कोणाशी भांडून आलीस?" मी खरंच एका गिऱ्हाइकाशी तावातावाने भांडून, घामाघूम होऊन आले होते. माझ्या मैत्रिणी रडतात की नवऱ्याला नवा ड्रेससुद्धा दिसत नाही. माझा नवरा मला न बघता ओळखत होता. वासबंदीचा एवढा जाच मी सोसला तो या एका वाक्यापायी, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर भांडणात माझी बाजू लंगडी पडली असती.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना दणदणीत सर्दी झाली. ताप आला आणि गेला, सर्दीही गेली, पण अंथरुणातून माणूस उठला तो वेगळाच. जेवायला बसले की दोन घास खाऊन ताट पुढे सरकवायचे. गॅलरीत खुर्ची टाकून तासन्‌तास बसायचे. चिडणं बंद झालं. लेकीने बाथरूममध्ये चुकून सुगंधी शाम्पू ठेवला तो दोन दिवस तिथेच राहिला, तरी घरात वादळ नाही. आणि मी दुकानातून आले की वर बघून, डोळे माझ्यावर ठेवून म्हणायचे, "आलीस का? बरं." एवढंच. मखमल नाही, बस नाही, भांडण नाही.

आमची लेक मानसशास्त्र शिकते आहे, दुसरं वर्ष. तिने प्रवेश घेतल्यापासून आमच्या घरात कोणाला साधा राग येत नाही. प्रत्येक जण काहीतरी 'दाबून ठेवत' असतो. तिने पंधरा मिनिटांत निदान केलं. "आई, बाबा डिप्रेशनमध्ये आहेत. कशातच आनंद वाटत नाही त्यांना. त्यांना स्पेस दे, आणि काउन्सेलरकडे जाऊ या."

मोठे दीर नेमके तेव्हाच आले होते. ते शाळेत व्यायामशिक्षक होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी अजून खिशात असते. "कसलं डिप्रेशन?" ते म्हणाले. "आमच्या वेळी कमी दाबाचा पट्टा समुद्रावर असायचा, माणसात नाही. पहाटे माझ्याबरोबर मैदानावर पाठव त्याला. चार फेऱ्यांत मन ताळ्यावर येतं."

"काका, पाय मोडलेल्या माणसाला तुम्ही पळायला लावाल का?"

"पाय मोडला तर एक्स-रेत दिसतो, बाळा. मनाचा एक्स-रे दाखव, मी गप्प बसतो."

"दिसत नाही म्हणजे नसतं असं थोडंच आहे!"

"आणि आहे म्हटलं की असतंच, असंही नाही."

या वादाला शेवट नसायचा. दोघांनाही ह्यांची मनापासून काळजी होती, म्हणून मी काही बोलायची नाही. पण ज्यांच्याबद्दल वाद चालायचा ते शेजारच्या खोलीत भिंतीकडे बघत बसलेले असायचे आणि वाद मात्र जेवणाच्या टेबलावर रंगायचा.

कंपनीनेही आपला वाटा उचलला. 'जगण्याचा हेतू शोधा' असं एक शिबिर झालं. पांढऱ्या बुटातला एक प्रशिक्षक आला आणि त्याने सगळ्यांना कागदावर गोल काढायला लावले. एका गोलात आवडतं ते, दुसऱ्यात जमतं ते, तिसऱ्यात जगाला हवं ते. तिन्ही जिथे एकमेकांवर येतील तिथे आपला हेतू. हे घरी आले तेव्हा मी विचारलं, तुमचा हेतू सापडला का? म्हणाले, "गोल छान आले माझे." मला हसू यायला हवं होतं. ते बोलताना त्यांचा चेहरा असा होता की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

माझं निदान तिसरंच होतं आणि ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. ह्यांना मी नकोशी झाले होते. दुसरं काय असणार? नोकरी तीच, घर तेच, तब्येत ठीक. बदललं होतं ते एकच: मी दारातून आत आले की पूर्वी जे व्हायचं ते आता होत नव्हतं. पन्नाशीच्या बाईने असल्या गोष्टींवरून रडू नये म्हणतात. म्हणोत. मी दुकानात पडद्यांच्या थप्पीमागे उभी राहून रडले.

मग एके दिवशी माझं डोकं फिरलं. लेक कॉलेजच्या सहलीला गेली होती. मी स्टूल घेतलं, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून सेंटची बाटली काढली. इतक्या वर्षांत अर्धी उडून गेली होती आणि उरलेली मुरून इतकी उग्र झाली होती की माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. मनगटांवर लावलं, मानेवर लावलं, ओढणीवर ओतलं. आणि जाऊन ह्यांच्या शेजारी सोफ्यावर बसले, अगदी खेटून. मला भांडण हवं होतं. "अगं, काय हे! जा, धुऊन ये आधी!" एवढं एक वाक्य पुरे होतं. ते कसं म्हणतील, नाक कसं मुरडतील, मी काय उत्तर देईन, सगळं माझ्याकडे तयार होतं.

हे टीव्हीवरच्या बातम्या बघत होते. थोड्या वेळाने माझ्याकडे वळले, नीट बघितलं. "डोळे लाल झालेत तुझे," ते म्हणाले. "दमली असशील. लवकर झोप." आणि उठून गेले.

मी तशीच बसून राहिले. वास खोलीभर पसरला होता. खालच्या मजल्यावरच्यांनासुद्धा येत असेल. म्हणजे ह्यांना तो आला, आणि तरी ह्यांनी सोडून दिलं. ज्या माणसाला आपल्याशी भांडावंसंही वाटत नाही त्याच्या मनात आपण कुठे आहोत, हे वेगळं विचारायला लागत नाही. त्यांच्या नाकाविषयी शंका तर माझ्या स्वप्नातही आली नाही. सकाळ झाली नाही तर माणूस घड्याळ बघतो, सूर्य नाही.

लेकीने शेवटी काउन्सेलरची वेळ घेतलीच, आणि आश्चर्य म्हणजे हे लगेच तयार झाले. दोघांनी यायचं होतं. मोठे दीर "मी नुसता गाडी चालवायला" म्हणत आले आणि बाहेरच्या खोलीत हाताची घडी घालून बसले.

आतली खोली लहान होती. तीन खुर्च्या, एक टेबल, रुमालांचा डबा, खिडकीत एक कुंडी. पडदे चांगल्या कापडाचे होते, पण वीतभर आखूड. कोणीतरी धुतल्यावर आटेल याचा हिशेब न करता कापले होते. मला ते इतकं खटकत होतं की पहिली पाच मिनिटं माझं कशात लक्षच नव्हतं. काउन्सेलर बाई माझ्याहून थोड्या मोठ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मला वाटलं होतं बालपणापासून सुरुवात करतील. त्यांनी ह्यांना विचारलं, "दिवस कसा जातो?"

"बरा जातो."

"काम?"

"चालू आहे."

"घरी?"

"हिला माझा त्रास होतो," हे म्हणाले. "मी नसलो तरी कोणाचं काही अडणार नाही, असं वाटतं कधीकधी."

ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. "मला त्रास होतो? मला?" मी म्हणाले. "बाई, तुम्ही ह्यांना विचारा, ह्यांना मी दिसते तरी का! इतकी वर्षं ह्यांच्यापायी मी साध्या साबणाला मुकले. त्या दिवशी मुद्दाम सेंट लावून ह्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. अर्धी बाटली ओतली अंगावर! ह्या माणसाने हूं की चूं केलं नाही. भांडायचंसुद्धा नाही माझ्याशी? एवढी नकोशी झाले?"

हे माझ्याकडे बघायला लागले. तोंड अर्धवट उघडं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"बातम्या बघत होतात तेव्हा. डोळे लाल झालेत म्हणालात."

"तू सेंट लावलं होतंस?"

"अर्धी बाटली!"

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला आधी वाटलं हसताहेत. खांदे हलत होते. मग बाईंनी रुमालांचा डबा हळूच पुढे सरकवला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बाईंनी घाई केली नाही. जरा वेळाने पर्स उघडून एक संत्रं काढलं, बहुधा त्यांच्या दुपारच्या खाण्यातलं. सोललं. खोलीभर वास सुटला. सालीचा तुकडा त्यांनी ह्यांच्यापुढे धरला. "हे बघा बरं जरा."

"नको," हे म्हणाले. त्यांनी नाकापर्यंत नेलंसुद्धा नाही. "मला काही येत नाही. त्या सर्दीपासून काहीच येत नाही."

आणि मग सगळं बाहेर आलं. सर्दी गेली पण वास परत आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत हे थांबले, आणि थांबता थांबता सांगायची वेळ निघून गेली. ऑफिसात कसं चालवलं? पत्तीचा पीळ बघून, चहाचा रंग बघून, जिभेला तुरट किती लागतो त्यावरून. आणि टेबलापलीकडे चाखणाऱ्या जोडीदाराच्या चेहऱ्यावरून, त्याची भुवई वर गेली की हे म्हणायचे, "हं, यात काहीतरी आहे." वर्षभर विकायचा चहा कुठल्या पत्त्या किती मिसळून करायचा, ते वर्षाचं मोठं मिश्रण पुढच्याच महिन्यात ह्यांच्या सहीने ठरायचं होतं. तिथे चुकले तर हजारो पेट्या वाया, आणि नाव कायमचं जाणार. रोज सकाळी टेबलापुढे उभं राहिलं की नाकच नाही तर 'नाक' म्हणवून घेणारा हा माणूस कोण, असं वाटायचं.

दुसऱ्या कुठल्याही घरात हे चार दिवसांत उघडं पडलं असतं. फोडणी करपली असती, अत्तर सांडलं असतं, कोणीतरी म्हणालं असतं, अहो, तुम्हाला वास येत नाही का? आमच्या घरात हुंगायला काही नव्हतंच. आम्हीच ते तसं ठेवलं होतं, इतकी वर्षं, इतक्या कष्टाने.

आणि मी काय केलं असेल? मी हसले. थांबवता येईना. "म्हणजे मी नकोशी झालेली नाही?"

"तू?" हे चिडून म्हणाले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा चिडले. "तू कशाला नकोशी होशील? माझं नाक गेलं आणि तू हसतेस?"

"हसू नको तर काय करू? मी इतके दिवस रडले ना!" माझा जीव असा भांड्यात पडला होता की त्याचा आवाज बाहेर दिरांनाही गेला असेल.

मग हे खाली बघत म्हणाले, "तुला ठाऊक नाही कसं असतं ते. तू दारातून आत येतेस, मला दिसतेस, चपला काढल्याचा आवाज येतो. पण तू आलेली नसतेस. समोर उभी असतेस आणि आलेली नसतेस. रोज संध्याकाळी मी वाट बघतो आणि कोणी येतच नाही."

माझं हसू तिथेच थांबलं. मला वाटत होतं ह्यांनी मला टाकलं. ह्यांना वाटत होतं ते मला हरवून बसले. एकाच सोफ्यावर बसून आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी झुरत होतो, आणि दोघांनीही मूग गिळले होते. मी त्यांचा हात धरला. काउन्सेलर बाई खिडकीकडे बघत बसल्या, त्याबद्दल मी त्यांना त्यांचे आखूड पडदे माफ केले.

निघताना मी म्हणाले, "म्हणजे मनाचं काही नव्हतंच तर, नाकाचंच होतं सगळं!"

बाई हसल्या. "नाक गेलं हे खरं. आणि ते गेल्यावर हे इतके दिवस एकटेच घाबरत राहिले, हेही खरं. एकामुळे दुसरं झालं म्हणून दुसरं खोटं होत नाही. पहिल्यासाठी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. दुसऱ्यासाठी पुढच्या आठवड्यात माझ्याकडे या."

बाहेर मोठ्या दिरांना सगळं सांगितलं. ते ताडकन उठले. "बघ! मी म्हणत नव्हतो? शरीराचंच काहीतरी असणार!" घरी लेकीला सांगितलं तर ती टाळी वाजवून म्हणाली, "बघा! मी म्हणत नव्हते? बोलल्यावरच बाहेर आलं ना?" दोघेही जिंकले. आम्ही दोघांनाही जिंकू दिलं, आमचं त्यात काय जात होतं! फक्त गाडीत एकदा, सिग्नलला थांबल्यावर, मोठे दीर आरशात न बघता म्हणाले, "मला तरी सांगायचंस रे."

"तू पळायला नेलं असतंस, दादा."

"नेलं असतं," ते म्हणाले. "आणि तुझ्याबरोबर पळालो असतो."

डॉक्टर म्हणाले, सर्दीने वासाच्या नसेला मार बसतो कधीकधी. वास परत येईल का, पूर्ण येईल की अर्धा, सांगता येत नाही. पण नाकालाही व्यायाम असतो. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं, आणि हुंगताना तो वास आठवायचा. व्यायाम हा शब्द ऐकल्यावर मोठ्या दिरांना कोण आवरणार? ते दोन्ही वेळा शिट्टी घेऊन हजर. "लिंबू! घे श्वास! सोड! खांदे सैल!" लेक शेजारी बसून म्हणायची, "बाबा, लिंबाशी जोडलेली एखादी आठवण काढा." आणि हे दोघांच्या मधे डोळे मिटून लिंबू नाकाशी धरून बसलेले. दृश्य बघण्यासारखं होतं.

वासबंदी उठली. उठवावीच लागली, औषधच ते! मी लसूण परतला, कांदा चिरला, गुलाबी साबण आणला. आमच्या घरासमोरून जाणाऱ्यांना आता कळायला लागलं की इथे माणसं राहतात.

कंपनीत सांगणं सगळ्यात अवघड होतं. कंपनीच्या मालकीणबाई म्हाताऱ्या आहेत, बोलायला फटकळ. त्या दिवशी हे शर्टाची बटणं दोनदा चुकीची लावून गेले. दुपारीच परत आले, बूट काढायच्या आधी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मला संशय होताच. पूर्वी चहा तोंडात घेतला की तू डोळे मिटायचास. हल्ली समोरच्याकडे बघतोस." हे स्वतःशीच हसले. "मोठं मिश्रण या वर्षी जोडीदार ठरवणार. मी पत्ती निवडायची आणि नव्या लोकांना शिकवायचं. म्हणाल्या, हे आधीच सांगितलं असतंस तर इतके महिने मला माझ्या चहाची धास्ती वाटली नसती." मग तिथेच, बुटांसकट, गाढ झोपले. संध्याकाळ झाली तरी मी उठवलं नाही. लेक पाय न वाजवता चालत होती आणि मी लसूण सोलत त्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकत होते. इतका सुखाचा आवाज मी त्या वर्षात ऐकला नव्हता.

काउन्सेलर बाईंकडे हे अजून जातात, एकटेच. तिथे काय बोलतात ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. एकदाच म्हणाले, "मी आज बाईंना विचारलं, नाक परत आलं नाही तर माझ्या जगण्याला अर्थ काय? म्हणाल्या, मला माहीत नाही. या आठवड्यात काय बरं गेलं ते सांगा."

"मग काय सांगितलंत?"

"दादाची शिट्टी लेकीने लपवली, ते."

वास परत आला तो वेडावाकडा आला. आधी काहीच नाही, मग एके दिवशी कॉफी जळक्या रबरासारखी, लसूण सडक्यासारखा, गुलाब तर अजिबात नाही. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे, नस जागी होते आहे. हे म्हणायचे, जागी होताना एवढ्या शिव्या का देते? पण जेवायला लागले होते, चिडायला लागले होते, आणि गॅलरीतली खुर्ची घरात आली होती.

त्या जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेलं सेंट मी आता रोज थेंबभर लावत होते. कोणाची बंदी नव्हती, मग कशाला सोडा? पण खरं सांगायचं तर मजा येत नव्हती. ज्याच्या नाकावर टिच्चून लावायचं त्यालाच ते कळत नसेल तर लावून काय उपयोग? रोज दुकानातून यायचे, हे वर बघायचे, "आलीस का?" म्हणायचे, प्रेमाने म्हणायचे, आणि मी "हो" म्हणायचे. आम्ही दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होतो.

परवा मी दुकानातून आले. हे टेबलाशी पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली. खूप दमले होते.

"हे काय लावलंयस?" हे पाठमोरेच ओरडले. "डोकं उठलं माझं! जा, धुऊन ये आधी!"

मी दारातच उभी राहिले. लेकीच्या खोलीचं दार उघडलं आणि ती तिथेच थबकली. ह्यांचं वर्तमानपत्र खाली आलं. त्यांनी मान वळवली नाही. नुसते बसून राहिले, पाठ ताठ, जणू हललं तर काहीतरी सांडेल. मग एक श्वास घेतला, लांब, सावकाश. आणखी एक घेतला.

"आलीस?" त्यांनी विचारलं.

"आले," मी म्हणाले. "आणि हे मी धुणार नाही."